उलटा बाजा

शलाकाची वस्तू कुरिअरनं आली तेव्हा
मी जिन्याखाली सायकलीत हवा भरत होतो.
मुठीएवढं निळं प्लास्टिक, तोंडाशी रबर,
बुडाशी फिरवायची चकती. एक ते दहा आकडे.
'मामा, तुझ्या कामाचं आहे बघ.'

बघितलं. तोंडाला लावायचं भोक दिसलं, बस्स.
एकतीस वर्षं युफोनियम वाजवलंय, बाई,
डिसेंबरच्या थंडीत, वरातीपुढे, नवरदेवाकडे तोंड करून
उलटं चालत, मल्हारगंज ते राजवाडा.
लाव दहावर.

फुंकलं.
चकतीनं हूं की चूं केलं नाही.
हवा सुळकन निघून गेली,
भाडं थकवलेला भाडेकरू रात्रीतून जातो तशी.
शलाका पायरीवर बसून हसली, मग पोट धरून हसली.
'अरे, फुंकायचं नाही. ओढायचं.'

ओढलं.
दहावर नाही, सातवर नाही.
चारवर गाल आत, डोळे बाहेर,
आणि बरगड्यांच्या मधे कुठेतरी
वर्षानुवर्षं न उघडलेलं फडताळ
कुरकुरलं.

तिचं असं: तीस श्वास सकाळी, तीस दिवेलागणीला.
नाकाची क्लिप तिसऱ्याच दिवशी हरवली,
तेव्हापासून दोरीवरचा पिवळा चिमटा.
नाकावर दोन लाल वळ घेऊन पोरगी कॉलेजात जाते,
कोणी विचारलं तर म्हणते, मामानं चावलं.

खरगोणकर सर नेहरू स्टेडियमच्या कठड्यावर बसून
मलाच समजावत होते, तिला ठाऊकच होतं.
आठशे मीटरमध्ये सहाशेच्या पुढे
छातीचे स्नायू थकतात,
आणि थकले की पायांच्या वाट्याचं रक्त मागून घेतात.
पाय कमजोर नसतात हो,
पायांची उधारी होते.
फुप्फुसं काही यानं मोठी होत नाहीत,
त्यांना ओढणारे दोर तेवढे जाड होतात.
मी मान डोलावली. दोर मला कळतात,
ढोलाचे आवळलेत.

आमच्या बँडचे गफूर मास्तर म्हणायचे,
लोकांना सूर ऐकू येऊ दे,
श्वास ऐकू आला तर पगार कापीन.
त्यामुळे आम्ही सगळे चोर.
दोन सुरांच्या फटीतून, ओठांच्या कोपऱ्यातून,
चिमूटभर हवा उचलायची
आणि साळसूदपणे पुढची ओळ वाजवायची.
द्यायचं भरभरून, घ्यायचं लपून.
घरीही मी तसाच राहिलो की काय,
हे आता कोणाला विचारणार.

भोपाळला ती चौथी आली.
फोन आला तेव्हा मी पोह्यांवर शेव घालत होतो.
मागच्या साली शर्यतीनंतरच्या फोनवर
नुसता भाता ऐकू आला होता, लोहाराचा,
शब्द एकही नाही. मी फोन तसाच धरून उभा होतो.
या वेळी अख्खी वाक्यं.
'तीन सेकंद कमी झाले मामा, तिसरी थोडक्यात हुकली,
बूट चावतोय, आणि इथले पोहे काही खरे नाहीत.'
स्वल्पविराम सगळे जागच्या जागी.
मी शेव तशीच मुठीत धरून
तिचे स्वल्पविराम ऐकत राहिलो.

तिनं आता मोठा घेतला, जास्त ताणाचा.
जुना निळा माझ्याकडे.
बिजासनच्या चढावर हल्ली मी तीनदा थांबतो,
हे तिनं मोजलं होतं, बोलली नव्हती.

युफोनियम खुंटीवर आहे. पितळेला हिरवट चढलंय.
त्याच्याखाली खुर्ची, खुर्चीवर मी,
नाकाला कपड्यांचा चिमटा,
चकती दोनवर.
एक. दोन. तीन. शेजारच्या गोडबोल्यांचा कुत्रा
रोज या वेळी कान टवकारतो.
आज पाचव्या श्वासाला चांगला मोठ्ठा आवाज झाला,
गल्लीत गेला असेल.

कापा पगार, मास्तर.